तिसऱ्या अंकातले दात

भाच्याने हैदराबादहून खोका पाठवला.
"मामा, तुझे हात बारीक कामाचे. रंगवून दे."
आत खेळातले चाळीस मुडदे, बोटाच्या दोन पेरांएवढे,
राखाडी प्लास्टिकचे,
सगळ्यांचे हात पुढे, सगळ्यांचे जबडे उघडे.

मी तळोधीला कवळ्या बनवतो.
जबडा दिसला की आधी दात मोजतो.
यांचे दात चांगले होते,
मेलेल्या माणसांच्या मानाने फारच चांगले.

रंगवायचे होते हिरवे, सडके, खोक्यावरच्या चित्रासारखे.
पहिला हातात घेतला, त्याची चाल पाहिली,
आणि वाटलं, अरे, हा तर झिंगर बोरकुटे.

आता झिंगर कोण, हे भाच्याला कुठून सांगू.
मंडईची रात्र, कापलेल्या धानाच्या बांधीत मंडप,
पडदा उघडायला दोन तास उशीर,
आणि हवालदाराच्या वेशातला झिंगर
विंगेतून नुसतं पोट बाहेर काढायचा.
माणूस मागाहून यायचा.
तोवर अर्धा मंडप हसून मोकळा.

मग मी थांबलो नाही.
झिंगरला पोट दिलं हिरड्यांच्या गुलाबी मसाल्याचं,
वर खाकी, पट्ट्याला दुधाच्या पिशवीची चिंधोटी.
एकाचा हात मनगटातून लोंबत होता, तुटायला आलेला.
तो तोडला नाही. तुकडू लोनबले लुगडं नेसून लाजायचा
तेव्हा हात असाच लोंबायचा.
लुगड्याच्या काठाला अख्खी दुपार गेली,
तीन केसांचा कुंचला आणि रोखलेला श्वास.
जखमा ब्लेडने खरवडल्या. रक्त होतं तिथे पानाची पिंक.
एकाला पायच नव्हते, सरपटत होता,
तो कोणी होईना.
शेवटी त्याचा वारलू नरोटे केला,
भाषण विसरून प्रॉम्प्टरकडे रांगत निघालेला.

बायको म्हणाली, "काहून जी, हे सगळे मेलेलेच ना?"
म्हटलं, "होय. म्हणून तर माप बरोबर बसते."

बुधवारी सुगंधाबाई आली, कवळीचं माप द्यायला.
तोंडात ओला मसाला, बोलता येईना,
खिडकीतल्या रांगेकडे बोट दाखवत राहिली.
साचा काढला. तिने चूळ भरली.
"हा माहा बाप होय का गा?"

होता. दसरू पेंदाम. लाल फेटा,
काडीपेटीच्या काडीची छत्री.
तिने तळहातावर घेतला, उजेडाकडे धरला.
"सगडं बरोबर आहे. दात चुकले."

तिसऱ्या अंकात कोर्ट असायचं.
खरं बोल म्हटलं की दसरू कवळी काढायचा,
न्यायाधीशाच्या टेबलावर ठेवायचा:
"खोटं होतं ते काढलं जी. आता इचारा."

"घरीही काढायचे?"
"घरी नाही. आमच्याम्होरं लाजे."
जरा थांबून म्हणाली,
"मातीत नाही देली. डब्यात आहे."
कशाला ठेवली, ते मी विचारलं नाही.
तीही दाराकडे पाहत होती, गाडीची वेळ झालेली.

रात्री भिंग लावून सुईने दसरूचे दात घासले.
एकवीस वर्षं लोकांना दात बसवतो आहे,
उतरवले ते पहिल्यांदाच.
एक ठिणगीएवढा सुळा राहून गेला,
पुन्हा दिवा लावून तोही काढला.

दिवाळीला भाचा आला. त्याची पोरगी फासे घेऊन बसली.
भाच्याने नियम वाचून दाखवला:
दाराशी आला की मारायचं, नाहीतर चावतो.
दुसऱ्याच डावाला दसरू तिच्या दाराशी, छत्री घेऊन.

"आजोबा, हा चावतो?"
"त्यालेच इचार."

तिने फासे खाली ठेवले,
पटावर पालथी झाली, कान त्याच्या तोंडाशी नेला.
तिकडे कोपऱ्यावरून
झिंगरचं पोट निघालं होतं.